तुझी बत्तीस पानं

प्रिय मुली,

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच, जड काठी, पेलण्याच्या तुमच्या मोबाइल खेळाचं तू पाठवलेलं डिझाइन डॉक्युमेंट वाचलं. बत्तीसच्या बत्तीस पानं, दोनदा. तुझ्या टीममधल्या चौघांनी मात्र ती वाचली नसणार, आणि त्याचा राग तू धरू नकोस. तुझ्या प्रोग्रामरने ग्रुपवर विचारलं होतं, "नंदीध्वज किती कलला की गेला म्हणायचं?" तू उत्तर दिलंस, "पान ९ बघ." मी पान ९ उघडलं. तिथे लिहिलंय, "खेळणाऱ्याला ध्वजाचा भार आणि जबाबदारी जाणवली पाहिजे." वाक्य सुंदर आहे. पण त्या मुलाला रात्री अकरा वाजता कोडमध्ये एक आकडा घालायचा होता, आणि तो आकडा अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये कुठेच नाही. शेवटी त्याने मनाने ४५ अंश घातले. त्या रात्री डिझायनरचं काम त्याने केलं.

तू विचारतेस, दोघं कोड लिहितात, एक जण चित्रं काढते, एक जण आवाज करतो, मग मी नेमकं काय करते? हा प्रश्न तुला छळतोय हे तुझ्या पत्रातून कळलं. घरी "गेम डिझायनर" म्हटलं की लोकांना वाटतं मुलगी ड्रॉइंग करते, हेही मला माहीत आहे. याचं उत्तर मला कुठल्याही व्याख्येपेक्षा माझ्या वडिलांच्या कामातून लवकर सापडलं, म्हणून तेच सांगते.

वडील चादरीच्या कारखान्यात नक्षा काढायचे. मोठ्या ग्राफपेपरवर. उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेक. एकेक चौकोन भरत जायचं. मग त्या कागदावरून जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रासाठी, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडली जायची, एका आडव्या रांगेला एक पट्टी. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार, आणि मधून धोटा जाणार. हे तंत्र फ्रान्समधल्या जॅकार्डचं, १८०४ च्या सुमाराचं. तेव्हापासून नक्षा काढणाऱ्याचं काम फारसं बदललेलं नाही: मागावर बसलेल्या माणसाला एकही प्रश्न विचारावा लागू नये इतकं स्पष्ट काढायचं.

एकदा त्यांनी मोर काढला होता. पिसारा सलग रंगाचा, भरघोस. कागदावर तो इतका देखणा होता की शेजारचे बघायला आले. विणकराने नमुना विणला आणि वडिलांना बोलावून कापडावरून नुसतं बोट फिरवलं. पिसाऱ्यात धागा खूप लांबपर्यंत मोकळा तरंगत होता, मध्ये कुठे बांधलाच नव्हता. चादर अंगावर घेतली की बांगडीत अडकून ओढला गेला असता. वडिलांनी पिसारा पुन्हा काढला, जागोजागी धागा बांधणारे चौकोन घालून. त्यानंतर प्रत्येक नव्या नक्ष्याच्या वेळी ते दुपारभर मागाजवळ उभे राहायचे. सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर आपसात तेलुगूत बोलायचे. वडिलांची तेलुगू तिथेच सुधारली.

तुझ्या चौघांशेजारी तू अशी किती वेळ बसली आहेस? प्रोग्रामरच्या शेजारी एक संध्याकाळ बस. आर्टिस्टला एक पाऊल काढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ. तिला विचारूनच बघ, कारण खूप जणांना असं कोणी मागे बसलेलं आवडत नाही.

तुझ्या हातातला खरा माल म्हणजे या सगळ्यांचे तास आहेत. तुमच्याकडे १६ आठवडे आहेत. पाच जण, आठवड्याला प्रत्येकी पाच तास धरले तर ४०० तास होतात. त्यातून परीक्षा, सबमिशन, कुणाचं घरचं लग्न, कुणाचा लॅपटॉप बंद पडणं वजा कर. ३०० उरले तर नशीब चांगलं समज. आता पान २१ वर तू लिहिलंयस की मानकरी, म्हणजे ध्वज पेलणारा, आठ दिशांना चालेल. चालण्याच्या सहा फ्रेम, म्हणजे सहा चित्रं धर, आठ दिशांच्या ४८ झाल्या. एका फ्रेमला २० मिनिटं लागली तर १६ तास गेले, आणि अजून तो फक्त चालतोय, ध्वज उचललेला नाही. चार दिशा ठेव. डावीकडची आकृती उजवीकडचीच उलटी करून वापर. मग काढायच्या उरल्या तीन दिशा, १८ फ्रेम, सहा तास. तुझ्या एका ओळीने तिचे दहा तास वाचतात, आणि मिरवणूक एकाच वाटेने जात असल्यामुळे खेळणाऱ्याला फरक जाणवतही नाही. हे गणित तू करायचं असतं. ती करणार नाही. ती बिचारी ४८ फ्रेम काढत बसेल आणि दिवाळीनंतर तुमच्याशी बोलणं बंद करेल.

आता मूळ खेळाकडे येते. नंदीध्वज पेलण्याचा खेळ करायचा ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेवर, खेळ करायचा म्हटलं तर दहा जणांपैकी नऊ जणांनी पाळणे आणि भजीचे स्टॉल घेतले असते. तू हिरेहब्बू वाड्यापासून निघणारे सात ध्वज घेतलेस, बाराबंदी घातलेली माणसं घेतलीस. म्हणूनच या भागावर मी जास्त बोलणार आहे.

पान १४ वर तू लिहिलंयस, "दुसऱ्या लेव्हलला ध्वज अधिक उंच, म्हणून तो अधिक वेगाने पडेल." आज घरी एक गोष्ट कर. तळहातावर पेन्सिल उभी कर. टिकणार नाही. मग लांब दांड्याचा झाडू उभा कर. थोड्या प्रयत्नाने टिकेल. उंच काठी सावकाश कलते. नऊपट उंच काठीला कलायला साधारण तिप्पट वेळ लागतो, कारण हा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. मग ध्वज पेलणं अवघड का? कारण तो जड आहे, आणि एकदा पुरता कलला की त्याला परत उभं करायला लागणारा जोर एका माणसाच्या अंगात नसतो. मानकऱ्याला कल डोळ्यांना दिसण्याआधी कमरेला कळावा लागतो, आणि लहानसं पाऊल टाकून तो तिथेच मिटवावा लागतो. म्हणजे तू चपळाईचा खेळ लिहायला घेतला होतास, तो चाहुलीचा निघाला. हे किती वेगळं आहे बघ. चपळाईच्या खेळात अंगठे पळतात. चाहुलीच्या खेळात खेळणारा श्वास रोखून बसतो.

त्यामुळे स्क्रीनच्या कोपऱ्यातली, कल दाखवणारी लाल-हिरवी पट्टी काढून टाक. पट्टी ठेवलीस की डोळे पट्टीला चिकटतात आणि आर्टिस्टने काढलेला ध्वज कोणी बघत नाही. कल कळवायचं काम आवाजाला दे. ध्वज सरळ असताना गर्दीतून "हर्र बोला हर्र" खणखणीत येऊ दे. कलायला लागला की तो आवाज उतरत जाऊ दे, आणि पावलांचा आवाज पुढे येऊ दे. तू लिहिलंयस की आवाज करणाऱ्या मुलाला "फारसं काम नाही." त्याच्याकडे आता सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि हे त्याला आजच सांग.

आणि ती शेवटची स्क्रीन. ध्वज जमिनीवर, वर लाल अक्षरांत "गेम ओव्हर". बाळा, ही स्क्रीन सोलापुरात तू कुणाच्या आजीला दाखवशील? लोक रागावतील म्हणून मी हे म्हणत नाहीये. या शहरात जी गोष्ट घडू नये म्हणून माणसं आठवडेच्या आठवडे सराव करतात, ती तुझ्या खेळात दर दोन मिनिटांनी घडते, तर तुझा खेळ या गोष्टीला ओळखत नाही असा त्याचा अर्थ होतो. संक्रांतीच्या आधी सराव सुरू होतो तेव्हा जाऊन बघ. एक जण दमला की दुसरा पुढे येतो. ध्वज हातातून हातात जातो. तुझ्या खेळाचं हरणं तिथे आहे: ध्वज पडत नाही, तुझ्याकडून दुसऱ्याकडे जातो. मग एक नवीन निर्णय आपोआप तयार होतो. अजून शंभर पावलं रेटायची, की आत्ता, ध्वज सरळ असतानाच, मागच्याला खूण करायची? सरळ ध्वज सोपवला तर मान, कललेला सोपवला तर मागच्याची दमछाक. मला वाटतं तुझा खेळ इथे आहे. पान १ वर हे आण.

हे प्रोग्रामरला कसं सांगशील? तीन ओळींत. "कल १२ अंशांपर्यंत: काहीच होत नाही. १२ ते २५: गर्दीचा आवाज उतरतो, पाऊल जड होतं. २५ च्या वर सलग १.५ सेकंद: मागचा मानकरी ध्वज घेतो." हे आकडे चुकीचे असणार. मी ते अंदाजाने लिहिलेत, तूही अंदाजानेच लिहिणार. पण चुकीच्या आकड्यावर आज काम सुरू होतं आणि परवा तो दुरुस्त करता येतो. "भार जाणवला पाहिजे" यावर काम सुरूच होत नाही.

दुरुस्ती मात्र तू कर, त्याला सारखं उठवू नकोस. तुम्ही खेळ बनवायला गोडो हे इंजिन वापरताय, तर त्याला सांग की १२, २५ आणि १.५ हे कोडच्या पोटात पुरू नकोस, इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे कोड न उघडता आकडे बदलता येतात त्या चौकटीत, बाहेर काढून दे. दहा मिनिटांचं काम आहे. मग तू शंभर वेळा आकडे बदल, त्याची झोप मोडणार नाही. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि वहीत लिहायचं: तारीख, आधी किती, आता किती, काय वाटलं. दोन आकडे एकदम बदललेस की सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही. बघ, ही वही तुझ्या ३२ पानांपेक्षा मोलाची ठरेल. पुढे पुण्याच्या एखाद्या स्टुडिओत मुलाखतीला गेलीस तर ती घेऊन जा. मी मुलाखती घेतल्यात. "मी १२ चे ९ का केले" हे सांगू शकणारी मुलं फार थोडी भेटतात.

सुरुवातीला सगळं करड्या ठोकळ्यांत करा. माणूस म्हणजे ठोकळा, ध्वज म्हणजे काठी, रस्ता म्हणजे पट्टी. फोन कलता करून ध्वज सांभाळायचा की अंगठ्याने, हा तुमचा वादही ठोकळ्यांवरच मिटेल. दोन्ही करून बघा, प्रत्येकी एक दिवस. फोन कलता केला की स्क्रीनही कलते आणि नजर चुकते, म्हणून माझं मत अंगठ्याच्या बाजूने आहे. पण माझ्या मतावर जाऊ नका, करून बघा.

मराठी अक्षरांचं पहिल्याच दिवशी तपासा. "सिद्धेश्वर", "मानकऱ्याला", "अक्षता" हे तीन शब्द स्क्रीनवर टाका आणि तुमच्यातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर बघा. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ पासून देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. जुनी आवृत्ती असेल तर वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. तसं पाहिलं तर मजकूर जितका कमी तितकं बरं. आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी चार भाषांची घरं असतात. शब्दांवाचून कळणारा खेळ चारही घरांत जाईल.

आता माझी एक गोष्ट. मी पुण्यात शिकत असताना आमचीही पाच जणांची टीम होती आणि डिझायनर मी होते. आमच्या खेळात एक उडी होती. प्रोग्रामरने ती उडी बनवली, मी बदलायला सांगितली. त्याने बदलली, मी पुन्हा बदलायला सांगितली. तिसऱ्या वेळी मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "फील येत नाहीये." त्याने उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने कोड दुसऱ्याच्या हवाली केला आणि टीम सोडली. पुढे कळलं की ती उडी तो रात्री वडिलांच्या दुकानाचा हिशेब संपवून बसून करायचा. मला काय हवंय तेच मला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधायचा खर्च मी त्याच्या तासांतून केला. इतकी वर्षं झाली, मला ते विसरता आलेलं नाही.

म्हणून "फील येत नाही" हे शब्द तू वापरू नकोस. काय घडलं ते सांग. "चार जणांनी खेळलं, तिघांनी कल सुरू झाल्यावर एक सेकंद उशिरा अंगठा हलवला." हे ऐकून प्रोग्रामरला राग येत नाही, त्याचं डोकं चालू होतं. तोच कदाचित असा उपाय सांगेल जो तुला सुचला नसता. त्याचा उपाय चांगला असेल तर घे आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव सांग. खेळाची कल्पना तुझी होती हे खरं, पण आता तो खेळ पाच जणांचा आहे. एखाद्या गोष्टीवर दोघांचं जुळत नसेल आणि करून बघायला वेळही नसेल, तर निर्णय तुला द्यावा लागेल. तो द्यायला कचरू नकोस. एका ओळीत लिही, ग्रुपवर पिन कर, कारण लिही.

आणि काही कापायची वेळ आली, ती येतेच, तर पहिल्यांदा तुझं आवडतं काप. तुझ्या डॉक्युमेंटमध्ये ६८ लिंगांच्या ६८ थांब्यांचा नकाशा आहे. तो तुझा जीव की प्राण आहे हे ती चार पानं वाचताना जाणवतं. तो जाऊ दे. एक रस्ता ठेव, अक्षता सोहळा, म्हणजे यात्रेतला सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, जिथे होतो त्या संमती कट्ट्यापर्यंतचा. तू स्वतःचा नकाशा सोडलेला बघितला की आर्टिस्टला तिची आतषबाजी सोडायला जड जाणार नाही.

लहान ठेवल्याने खेळ लहान ठरेल अशी भीती वाटत असेल तर एक सांगते. अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये नार्बॅक्युलर ड्रॉप नावाचा प्रोजेक्ट केला होता. त्यात एकच गोष्ट होती: भिंतींवर दोन दारं उघडायची, एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. व्हॉल्व्ह कंपनीने ती टीम कामावर घेतली आणि त्याच कल्पनेवर २००७ मध्ये पोर्टल आला. तुझ्याकडेही एक गोष्ट आहे. सरळ ध्वज सोपवण्याची.

पुढच्या रविवारी चार वाजता घरी ये, उन्हं उतरल्यावर. ठोकळ्यांचा खेळ फोनमध्ये घालून आण, जितका झाला असेल तितका. माझी आई खेळेल. तिने आयुष्यात मोबाइलवर खेळ खेळलेला नाही, पण लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून एकही अक्षता सोहळा चुकवलेला नाही. तू तिच्या मागे स्टुलावर बसायचंस. ती अडेल, चुकीच्या जागी बोट लावेल, तुझ्याकडे वळून "आता काय करू गं?" विचारेल. तू काही बोलायचं नाहीस. वहीत लिहायचंस, बोट कुठे गेलं आणि किती वेळ थांबलं. प्रोग्रामरलाही आण, त्यालाही हे बघू दे. तिचं खेळून झालं की मग काय ते विचारा. ती शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढे करेलच, त्यामुळे घाईत येऊ नका.

तुझी,
ताई